विद्यापीठात नेमकं कसलं कसलं संशोधन चालतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातून एका विद्यार्थिनीने विचारलंय. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी कापूस-तुरीची शेती. प्रश्न असे: विद्यापीठात एवढे लोक संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात? आमच्या कॉलेजात धड प्रयोगशाळा नाही, मग मला ते जमेल का? मराठी-इतिहासात पीएचडी करतात त्याला संशोधन म्हणायचं का? आणि आमच्या गावात फॉर्म भरून घ्यायला येतात ते लोक पुन्हा फिरकत का नाहीत?

बेटा, चारही प्रश्न चांगले आहेत. शेवटचा सगळ्यात चांगला.

मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या विषयाचं एक बरं असतं, सगळ्या विद्याशाखांचे संशोधक कधी ना कधी आकड्यांची वही घेऊन आमच्याकडे येतात. कृषीचे येतात, गृहविज्ञानाचे, समाजशास्त्राचे, वैद्यकीयचे, भाषेचेसुद्धा. प्रत्येकाला आधी विचारावं लागतं की बाबा, तुला शोधायचं काय आहे आणि ही माहिती आणली कुठून. वर्षानुवर्षं हे ऐकत आल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. संशोधनाचा प्रकार ओळखायचा असेल तर विषयाचं नाव बाजूला ठेवायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या. याचा पुरावा कुठून येणार? आणि हे म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळणार? कोणाचा पुरावा वावरात असतो, कोणाचा रक्ताच्या थेंबात, कोणाचा सातशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात, कोणाचा नुसत्या तर्कात. प्रयोगशाळा लागते ती यातल्या काहींनाच.

तुझ्या घरचंच पीक घेऊ. गुलाबी बोंडअळीबद्दल तुला मी सांगायला नको. २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये अशा दोन जनुकांचं बियाणं आलं आणि पुढच्या काही वर्षांत अळीने दोन्ही पचवली. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भात हिरवं बोंड फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी, हे घरोघरी पाहिलं. आता या एका अळीमागे विद्यापीठातले किती विभाग लागतात ते बघ.

कीटकशास्त्राचा विद्यार्थी वेगवेगळ्या तालुक्यांतून किडकी बोंडं गोळा करतो, त्यातल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवतो, त्यांच्या खाद्यात बीटीचं विष मोजून मिसळतो आणि किती जगल्या ते बघतो. दरवर्षी हेच. त्यातून कळतं की प्रतिकारशक्ती कुठे आणि किती वेगाने वाढतेय. ही झाली प्रयोगशाळा. पण त्याच विभागातला दुसरा विद्यार्थी वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारे सापळे, लावून रोज सकाळी त्यात अडकलेले नर पतंग मोजत असतो, अळीमुळे न उमलता मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, मोजत असतो. त्याला लागते वही, पेन आणि न चुकता रोज जाण्याची शिस्त.

कृषी विस्तारचा संशोधक वेगळंच विचारतो. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मिळायचं, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून ते वावराच्या कडेने लावा असं सांगितलं जायचं. बहुतेकांनी लावलं नाही. का? कळलं नव्हतं म्हणून, की कळूनही तेवढी जागा अळीला सोडणं परवडत नव्हतं म्हणून? वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे. पहिल्याला माहिती पुरते, दुसऱ्याला माहिती देऊन काहीही होत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कापसाचा, हिशोब मांडतो. ही अळी जवळपास फक्त कापसावरच जगते, म्हणून शिवार पाच-सहा महिने कापसाविना राहिलं तर तिचं चक्र तुटतं. पण ज्याच्याकडे ओलीत, म्हणजे पाण्याची सोय, आहे तो म्हणतो, अजून दोन वेचे निघतील, पऱ्हाटी (कापसाची झाडं) कशाला उपटू? त्याचा फायदा त्याच्या घरात जातो आणि पुढच्या वर्षीचा तोटा सगळ्या शिवारात वाटला जातो. एकाचा फायदा आणि सगळ्यांचा तोटा यातून मार्ग कसा काढायचा, हा अर्थशास्त्रातला मोठा प्रश्न आहे आणि तो तुझ्या गावच्या धुऱ्यावर उभा आहे.

२०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तिथे वैद्यकशास्त्र येतं: कोणती औषधं एकत्र मिसळली होती, लक्षणं किती तासांत दिसली, उपचार कुठल्या टप्प्यावर मिळाला. अभियांत्रिकी येते: पंपाच्या नोझलमधून किती बारीक थेंब निघतो, वाढलेल्या पऱ्हाटीत तो अंगावर किती येतो, ऑक्टोबरच्या उन्हात माणूस तोंडावर बांधून ठेवू शकेल असा मास्क कसा करायचा. कायद्याचा अभ्यासक १९६८ चा कीटकनाशक कायदा उघडून बघतो की विकणाऱ्याची जबाबदारी कुठवर पोचते. आणि इतिहासाचा अभ्यासक विचारतो की मुळात वऱ्हाड इतकं कापसावर अवलंबून झालंच कसं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या कापसाचे भाव चढले, १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली. तुमच्या शेजारच्या दारव्ह्यावरून धावायची ती शकुंतला रेल्वेही कापसासाठीच टाकलेली. हे सगळं दफ्तरखान्यातल्या कागदांतून, महसुली नोंदींतून, जुन्या गॅझेटियरांतून काढावं लागतं. याला संशोधन म्हणायचं का, असं तू विचारलंस. शंभर टक्के म्हणायचं. अळीचा बंदोबस्त करायला निघालेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर शेतकरी कापूस सोडत का नाही, हे त्याला कधी कळणार नाही.

कृषी संशोधनाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या भागात ते सगळ्यांत जवळून दिसतं आणि सगळ्यांत कमी समजावून सांगितलं जातं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं. त्याच्या कुठल्याही प्रक्षेत्रावर गेलीस तर लहान लहान चौकोन आखलेले दिसतील, प्रत्येकात एक पाटी. नीट बघितलंस तर तीच ट्रीटमेंट, म्हणजे तपासायचं तेच वाण किंवा खत, तीन-चार ठिकाणी, आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारख्या विस्कटलेल्या. लोकांना वाटतं, हा कसला घोळ. त्यामागे कारण आहे. एकाच वावरात वरच्या धुऱ्याकडे जमीन हलकी असते, खालच्या अंगाला भारी. नवं वाण तू नेमकं खालच्या अंगाला लावलंस आणि ते जास्त पिकलं, तर जिंकलं कोण, वाण की जमीन? म्हणून जमिनीचे सारख्या प्रतीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळ्या ट्रीटमेंट ठेवायच्या आणि कोणती कुठे पडेल हे माणसाने न ठरवता चिठ्ठीने ठरवायचं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. आज औषधाच्या चाचण्यांपासून शाळेतल्या उपक्रमांपर्यंत सगळीकडे तीच वापरतात. म्हणजे आधुनिक संशोधनातली एक मोठी कल्पना शेताच्या बांधावर जन्मली. शेतकऱ्यांच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

त्यात एक हंगाम पुरत नाही. एक वर्ष पाऊस ओढ देतो, दुसऱ्या वर्षी सोंगणीच्या वेळी झोडपतो. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या ठिकाणी टिकलं तर ते वाण किंवा ती शिफारस पुढे जाते आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, तिथे तिच्यावर प्रश्नांची फैर झडते. पहिल्या संकरापासून बियाणं शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. अमुक कंपनीने दोन वर्षांत केलं, असं कोणी सांगितलं तर कुठे, किती ठिकाणी आणि कोणाशी तुलना करून, एवढं विचारायचं.

आता पोथ्यांकडे येतो. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तुला माहीत असेल, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही उभं राहिलंय. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. परंपरा सांगते की पुढे धाडीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून वेगवेगळ्या परंपरांच्या पोथ्यांत पाठ वेगळे. त्यातही महानुभावांच्या, म्हणजे चक्रधरस्वामींच्या पंथाच्या, कित्येक पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेल्या. आधी ती लिपी सोडवायची, मग पोथ्या शेजारी ठेवून प्रत्येक ओळीतला फरक नोंदायचा, मग भाषेच्या जुन्या रूपांवरून, लेखनिकाच्या सवयींवरून ठरवायचं की कुठला पाठ आधीचा. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयासाठी आयुष्य घातलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. तिथे प्रयोगशाळेचा संबंध नाही, पण शिस्त तीच: मी हा पाठ जुना म्हणतो, उद्या याहून जुनी पोथी सापडली तर माझं म्हणणं पडू शकतं, आणि ते पडेल अशी वाट मी उघडी ठेवली आहे. ज्या लेखनात अशी वाट नसते त्याला मी संशोधन म्हणत नाही, मग ते रसायनशास्त्रातलं का असेना.

भाषेवरून आठवलं. तुझ्या जिल्ह्यात कोलामी बोलतात, ती द्रविड कुळातली. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. बुलढाण्याकडे जळगाव जामोद भागात निहाली बोलणारे लोक आहेत आणि तिचं नातं अजून जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी लागलेलं नाही. एवढ्याशा पट्ट्यात तीन वेगळ्या मुळांच्या भाषा आणि भोवती वऱ्हाडी! मरे एमेनो नावाचे भाषातज्ज्ञ १९३० च्या दशकात परदेशातून येऊन वर्धा जिल्ह्यातली कोलामी नोंदवून गेले, त्यांचं काम १९५५ मध्ये प्रसिद्ध झालं. इथल्या किती मुलामुलींनी ती वाट धरली? कोलामी घरात बोलणारी एखादी मुलगी भाषाशास्त्र शिकली तर बाहेरच्या कुणाला दहा वर्षांत मिळणार नाही ते तिला आजीशेजारी बसून मिळेल. ही माझी मनापासूनची इच्छा आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मूलभूत विज्ञानाचं उदाहरण हवं तर लोणार. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेलं. इथवर एकमत. वय किती? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं येतं. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार आलं. दहापटींहून जास्त फरक! दोन्हीकडचे लोक जाणते आहेत, दोघांनीही खडकाचे नमुने मोजलेत. अशा वेळी कोण मोठ्या संस्थेतला आहे हे बघायचं नसतं, प्रत्येक पद्धत नक्की कुठला क्षण मोजते आणि मधल्या काळात ती कशाने बिघडू शकते हे तपासायचं असतं. जून २०२० मध्ये त्याच तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नमुने तपासल्यावर खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. एका तळ्याभोवती भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पक्षीशास्त्र, मंदिरस्थापत्य, सगळ्यांना पुरेल एवढं काम आहे.

गणिताला तेवढंही लागत नाही. नागपूर-अमरावतीच्या गणित विभागांत आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर कित्येक पीएचडी झाल्या, त्या कागदावर समीकरणं सोडवून. तुझ्या कॉलेजात प्रयोगशाळा नाही म्हणून वाट बंद होत नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तो शेवटचा प्रश्न, फॉर्म भरून नेणाऱ्यांचा.

सर्वेक्षण वाईट नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने घरोघरी जाऊन नवजात बाळांची नोंद ठेवली. ही संस्था विद्यापीठ नव्हे, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं, त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या, जंतुसंसर्गावर उपचार करायच्या. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली आणि तिथलेही जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे नोंदवले. तिसऱ्या वर्षी तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, त्या कार्यक्रमाचं मूळ या कामात आहे. ज्या गावांनी माहिती दिली, त्यांच्याकडे ती काम होऊन परत आली.

पण तुमच्याकडे येणारे बरेचसे फॉर्म या जातीचे नसतात. प्रबंधाचं नाव असतं ‘अमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास: यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. त्यात शे-दोनशे घरांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, एक काय-वर्ग (chi-square) नावाची संख्याशास्त्रीय चाचणी आणि शेवटी ‘शासनाने जनजागृती करावी’. असे तक्ते माझ्यासमोर पुष्कळदा आले. मी विचारतो, ही घरं कशी निवडली? उत्तर येतं, जी सापडली ती. दुपारी घरी सापडतो तो मजुरीला न गेलेला माणूस, मग मजुराचं मत आलं कुठून? हे ऐकून मला राग येतो, आणि तो मला लपवावासा वाटत नाही, कारण आपला वेळ मोडून कोणीतरी त्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात.

म्हणून गावाने विचारायला शिकलं पाहिजे. माणसांवर संशोधन करताना माहितीपूर्ण संमती लागते. नाही म्हणायचा आणि मधेच थांबायचा तुम्हाला हक्क आहे. आरोग्याशी निगडित काम असेल, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त घेत असतील, तर नैतिकता समितीची मंजुरी असलीच पाहिजे आणि आपला अहवाल आपल्याला मिळाला पाहिजे. मार्गदर्शक कोण, विद्यापीठ कुठलं, निष्कर्ष ग्रामसभेत कधी येऊन सांगणार, हे लिहून घ्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तर स्वतःचे अभ्यासगट चालवले, बाहेरच्या जाणकारांना बसवून जंगलाचा, कायद्याचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे पुस्तकी माणूस आणि गावचा माणूस एका सतरंजीवर बसले.

तुझ्या पुढच्या वाटचालीबद्दल थोडक्यात. आधी एमएस्सी कर. नंतर नेट ही राष्ट्रीय परीक्षा किंवा पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा. २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, नेहमीची मुदत सहा वर्षं, आणि मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बघ. विषयापेक्षा मार्गदर्शक जपून निवड. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दोन-तीन नीट वाचलेस तर माणूस कळतो.

तोवर थांबायची गरज नाही. विद्यापीठांच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेत पदवीचे विद्यार्थीही भाग घेतात, शेतीचा वेगळा गट असतो. यंदा जानेवारी संपता संपता तुमच्या शिवाराची एक यादी कर: गट क्रमांक, ओलीत की कोरडवाहू, लागवड कधीची, पऱ्हाटी उपटली की उभी आहे, उभी असेल तर का. पुढच्या हंगामात त्याच वावरांत ठरावीक आठवड्यांना वीस-वीस हिरवी बोंडं फोडून अळ्या मोज. वावरं चिठ्ठ्या टाकून निवड, ओळखीची घेऊ नकोस. आणि ज्यांनी फरदड ठेवली त्यांच्याइतक्याच बारकाईने, ज्यांनी वेळेवर उपटली त्यांनाही विचार की त्यांना ते कसं परवडलं. वही भरली की माझ्याकडे पाठव, तक्ते आपण मिळून करू.